छोट्या कॉलेजात प्रवेश, शेजारच्या युनिव्हर्सिटीत वर्ग: अनुभव सांगाल का?

कवडसा

नमस्कार मंडळी. लेकीला अमेरिकेत बी.ए.साठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक मोठी सरकारी युनिव्हर्सिटी आणि दुसरं फिलाडेल्फियाजवळचं ब्रिन मॉर कॉलेज. तिला भाषाशास्त्र शिकायचंय. मन ब्रिन मॉरवर बसलंय: वर्ग लहान, शिक्षक नावाने ओळखतात, सगळं तिला आवडलंय. मला मात्र राहून राहून वाटतं की सुमारे १४०० मुलींच्या कॉलेजात विषय असून असून किती असणार? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिला हवा तो कोर्सच नसला तर काय करायचं?

ती म्हणते, "आई, हॅवरफर्ड, स्वार्थमोर आणि युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया या तिन्हीकडचे वर्ग मला घेता येतात, जास्तीची फी न भरता." माहितीपत्रकात तसं लिहिलंय खरं. पण लिहिलेलं असणं आणि प्रत्यक्ष होणं यात अंतर असतं. कोणी स्वतः असे वर्ग घेतलेत का? किंवा मुलांनी? जाण्यायेण्यात किती वेळ जातो? मार्क धरतात का? एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर चालतं का? १ मेपर्यंत कॉलेजला कळवायचंय, म्हणून जरा घाई आहे.

चाफा

कवडसा, मी हॅवरफर्डची. लेकीचं आधी मनापासून अभिनंदन.

ती म्हणते ते खरं आहे, पण ती ज्या तीन जागांची नावं घेते त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या एकाच टोपलीत टाकू नका.

हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर ही जवळजवळ जुळी भावंडं. मध्ये जेमतेम मैलभराचं अंतर. 'ब्लू बस' दिवसभर फेऱ्या मारते, तिकीट नाही. दुसऱ्या कॉलेजचा वर्ग घ्यायला आपल्याच वर्गासारखी नोंदणी होते. इतकंच काय, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषयसुद्धा पलीकडे करता येतो. माझी रूममेट हॅवरफर्डची, पण तिचा मेजर भूगर्भशास्त्र, म्हणजे विभाग ब्रिन मॉरला. ती रोज सकाळी बसमध्ये दगड भरलेली पिशवी घेऊन बसायची. उलट खगोलशास्त्र करायचं असेल तर ब्रिन मॉरच्या मुली हॅवरफर्डला येतात. म्हणजे १४०० चा आकडा मनातून काढा. वर्ग निवडताना तुमच्या लेकीपुढे दोन कॉलेजांची यादी असेल, आणि हे पहिल्या सत्रापासून.

स्वार्थमोर थोडं लांब, सुमारे दहा मैल. व्हॅन असते, पण तिच्या वेळा बघून वेळापत्रक बसवावं लागतं. तुमच्या लेकीच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे भाषाशास्त्राचा विभाग तिन्ही कॉलेजांचा मिळून एकच आहे. त्यामुळे तिला स्वार्थमोरला जावं लागेलच, आणि ती तिथे पाहुणी नसेल.

पेन (युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया) म्हणजे खरंखुरं 'दुसरीकडे जाणं'. तिथे अर्ज, प्राध्यापकांची परवानगी, दोन्हीकडच्या रजिस्ट्रार ऑफिसची वाट, हे सगळं आलं. पहिल्या सत्रात त्याचा विचारही करू नये. नवीन देश, नवीन थंडी, आधी आपलं कॉलेज तरी कळू दे. मी तिसऱ्या वर्षी तिथे एक सेमिनार घेतला. आठवड्यातून एकदाच, तीन तास. ही निवड मुद्दाम केली होती. लोकल ट्रेनने ३०थ स्ट्रीट स्टेशनला साधारण वीस मिनिटांत पोचतो, पण स्टेशनपर्यंत चालणं, गाडीची वाट बघणं, उतरून पुन्हा चालणं धरलं की घर ते वर्ग तास लागतो. आठवड्यातून तीनदा पन्नास मिनिटांचा वर्ग घेतला असता तर सहा तास नुसते रस्त्यात गेले असते. अडीच तासांच्या शिकवणीसाठी सहा तास! एकदाच जायचं तर दोन तास. त्यामुळे पेनचा वर्ग निवडताना विषयाच्या आधी वार बघावा, असं मी सगळ्यांना सांगते.

शेवटचा_बाक

मला एक कळत नाही, आणि हे मी खरंच समजून घ्यायला विचारतोय. इतकी धावपळ करून मोठ्या युनिव्हर्सिटीतच शिकायचं तर सरळ मोठ्या युनिव्हर्सिटीत प्रवेश का घेऊ नये? कवडसाताईंच्या लेकीला तो पर्याय हातात आहे. तिथे भाषाशास्त्राचा पूर्ण विभाग एका इमारतीत असेल. माझा मुलगा मोठ्या युनिव्हर्सिटीत आहे आणि त्याला निवडीची कधी कमतरता पडली नाही.

गणिती_किडा

शेवटचा_बाक, चांगला प्रश्न. मी दुसऱ्या बाजूने उत्तर देतो, कारण मी त्या 'मोठ्या' बाजूला होतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये पाच संस्थांचा असाच एक गट आहे: अॅमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशायर ही चार कॉलेजं आणि युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स, अॅमहर्स्ट. मी या पाचव्या ठिकाणी गणितात पीएच.डी. केली आणि पाच वर्षं शिकवलं. म्हणजे चार कॉलेजांतून बसने येणारी मुलं माझ्या डोळ्यांसमोर होती.

पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस शिकायला कोणी आलं की मला कळायचं नाही, हे इथे का आलेत? त्यांच्या कॉलेजात तोच विषय वीस मुलांत, प्राध्यापक स्वतः शिकवतात. आमच्याकडे मोठा हॉल, आणि शंका विचारायला माझ्यासारखा टीए, म्हणजे शिकता शिकता शिकवणारा विद्यार्थी. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण पदव्युत्तर वर्गात चित्र एकदम उलटं. छोट्या कॉलेजात हुशार मूल तिसऱ्या वर्षाच्या शेवटी गणिताचे सगळे कोर्स संपवून बसतं. रिअल अॅनॅलिसिस झालं, अॅब्स्ट्रॅक्ट अल्जेब्रा झालं, आता पुढे काय? शिक्षक चांगले असतात, पण आठ-दहा प्राध्यापकांचा विभाग दरवर्षी मेझर थिअरी किंवा अल्जेब्रिक टोपॉलॉजी चालवू शकत नाही; चार मुलांसाठी वर्ग उभा राहत नाही. ते मूल तेव्हा आमच्या पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात येऊन बसायचं. अशी एक मुलगी माझ्या लक्षात आहे. वर्गात आम्ही बारा जण, ती एकटी बी.ए.ची. पहिले दोन आठवडे गप्प होती. तिसऱ्या आठवड्यात तिने फळ्यावर जाऊन एक प्रमेय सिद्ध केलं, आणि त्यानंतर गृहपाठ सोडवायला आम्हीच तिला शोधायला लागलो. तिला लिहायची, बोलायची, चुकायची सवय तिच्या छोट्या कॉलेजाने लावली होती. आमच्या वर्गाने तिला पुढचा डोंगर दाखवला. नुसत्या मोठ्या युनिव्हर्सिटीत तिला डोंगर मिळाला असता, पण पहिली दोन वर्षं मागच्या बाकावर गेली असती.

म्हणून माझं मत: घरी जे मिळतं ते घरीच घ्यावं, आणि घर जिथे संपतं तिथून पुढे बस पकडावी.

कवडसा

चाफा, गणिती_किडा, किती नीट लिहिलंत. 'घर जिथे संपतं तिथून पुढे' हे लेकीला वाचून दाखवलं. शेवटचा_बाक, तुमचा प्रश्न माझ्याही मनात आहे, म्हणून विचारलंत ते बरंच झालं.

लांबचा_पल्ला

चांगल्या बाजू आल्यात, मी मुलाचा एक वाईट अनुभव सांगतो. कॉलेजचं आणि युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही. त्यात कोणा एकाची चूक नव्हती, दोन कॅलेंडरांची होती.

त्याच्या कॉलेजची वसंतातली सुट्टी एका आठवड्यात, आणि शेजारच्या युनिव्हर्सिटीची त्याच्या पुढच्या. सुट्टीत कॉलेजची मेस बंद, हॉस्टेलला कुलूप. आणि नेमकी त्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीत मिडटर्म. पोरगं एका मित्राच्या मित्राकडे जमिनीवर झोपलं आणि तिथून पेपरला गेलं. आम्हाला हे दोन महिन्यांनी कळलं. नंतर समजलं की हॉस्टेलच्या ऑफिसला आधी लेखी कळवलं असतं तर खोलीत राहायची परवानगी मिळू शकली असती. त्याला माहीतच नव्हतं, आणि त्याला कोणी सांगितलंही नाही.

शेवटच्या वर्षी दुसरा घोळ. पदवी घेणाऱ्या मुलांचे मार्क कॉलेजला इतरांच्या आधी लागतात. युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापकांना ते माहीत असण्याचं कारण नाही. त्यांच्या लेखी त्यांची तारीख खरी. पदवीदानाच्या चार दिवस आधीपर्यंत एका विषयाची जागा कोरी. मुलाने स्वतः प्राध्यापकांच्या दाराशी जाऊन विनंती केली, त्यांनी त्याच रात्री पेपर तपासून मार्क पाठवले. भला माणूस. पण ते चार दिवस आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही.

त्यामुळे माझं सांगणं इतकंच: सत्र सुरू व्हायच्या आधी दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवून एका कागदावर उतरवा. वर्ग कधी सुरू, वर्ग सोडायची शेवटची तारीख कोणाची कधी, सुट्ट्या, परीक्षा. शेवटच्या सत्रात शक्यतो बाहेरचा वर्ग घेऊच नका. घेतलाच तर पदवीला लागणारा नको, जास्तीचा असू द्या.

चाफा

+१. शेवटच्या सत्राबद्दल तर अगदी. आमचे सल्लागार हेच सांगायचे.

खिडकीपलीकडे

मी अमेरिकेत एका कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात काम करते. कवडसाताईंचा व्हिसाचा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहिते.

एफ-१ वर असे वर्ग चालतात. नियम दोन संस्थांत एकाच वेळी शिकायला परवानगी देतो. अट अशी की पदवी देणारी संस्था आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) देईल आणि सगळं मिळून अभ्यास पूर्णवेळ होईल. कॉलेजांच्या करारातून घेतलेल्या वर्गाची नोंद तर तुमच्या मूळ कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरच (गुणपत्रिकेवरच) येते, म्हणून ते आणखी सोपं. मुलीचा आय-२० ब्रिन मॉरचाच राहील. पुढे ओपीटी (शिक्षणाला जोडून तात्पुरतं काम करायची परवानगी) मिळेल तोही ब्रिन मॉरच्या पदवीवर आणि तिच्या मेजरवर. पेनमध्ये चार वर्ग घेतले म्हणून पेनचा विद्यार्थी होत नाही.

पण एका जागी मुलं फसतात, आणि ते मी दरवर्षी बघते. समजा मुलीने चार विषय घेतलेत, त्यातला एक बाहेरचा. तो जड गेला, तिने युनिव्हर्सिटीच्या संकेतस्थळावर जाऊन एका क्लिकने सोडला. तिच्या मनात, एक विषय कमी झाला. माझ्या पडद्यावर, तिचा अभ्यास पूर्णवेळाच्या खाली गेला, आणि आधी परवानगी न घेता तसं झालं तर तिचा व्हिसा-दर्जा धोक्यात येतो. पाच मिनिटं आधी आमच्याकडे आली असती तर काही ना काही मार्ग निघाला असता. नंतर आली की आमचेही हात बांधलेले असतात. वर्ग सोडायच्या आधी डीएसओला, म्हणजे कॉलेजातल्या व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, भेटायचं. हे मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणखी दोन बारक्या गोष्टी. बाहेरचा वर्ग ऑनलाइन असेल तर एका सत्रात तसा एकच वर्ग, तीन क्रेडिटपर्यंत, पूर्णवेळ अभ्यासात धरता येतो. आणि युनिव्हर्सिटीतल्या लायब्ररीत किंवा लॅबमध्ये पगारी काम देऊ केलं तर 'हो' म्हणायच्या आधी विचारा. शिकायची परवानगी आहे म्हणजे तिथे कामाचीही आहे, असं नाही. 'ऑन-कॅम्पस' काम म्हणजे मूळ कॉलेजमधलं, असं धरून चाला.

कवडसा

खिडकीपलीकडे, लिहून ठेवलं. वहीच्या पहिल्या पानावरच. मनापासून धन्यवाद.

जुना_नकाशा

ही व्यवस्था आली कुठून हे कळलं तर तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची तेही कळतं, म्हणून थोडा इतिहास.

कॅलिफोर्नियात क्लेअरमाँट म्हणून जागा आहे. तिथल्या पोमोना कॉलेजची मागणी १९२० च्या सुमारास वाढत गेली. अध्यक्ष होते जेम्स ब्लेसडेल. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या: कॉलेज फुगवत न्यायचं किंवा दारं बंद करायची. त्यांनी १९२३ मध्ये एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या दानशूर बाईंना पत्र लिहून तिसरी वाट सुचवली. एक मोठी, एकसुरी युनिव्हर्सिटी नको. ऑक्सफर्डसारखी छोटी छोटी कॉलेजं असू देत आणि मध्ये सगळ्यांचं मिळून एक ग्रंथालय. १९२५ मध्ये गट उभा राहिला, १९२६ मध्ये स्क्रिप्स कॉलेज निघालं, मग १९४६ मध्ये क्लेअरमाँट मकेना, १९५५ मध्ये हार्वी मड, १९६३ मध्ये पिट्झर. आज पाचही कॉलेजं एकमेकांना लागून आहेत, रस्ता ओलांडला की दुसरं कॉलेज. बसचा प्रश्नच नाही.

मॅसॅच्युसेट्समधली गोष्ट त्याहून सुंदर वाटते मला. १९५८ मध्ये चार संस्थांतल्या प्राध्यापकांनी एकत्र बसून पाचव्या कॉलेजचा आराखडा केला. तेच हॅम्पशायर, १९७० मध्ये पहिली मुलं आली. चार शेजारी मिळून पाचवं घर बांधतात, ही कल्पनाच किती उदार आहे! दरम्यान १९६५ मध्ये गटाची रीतसर संस्था झाली.

अटलांटात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली स्पेलमन, मोरहाउस आणि आजची क्लार्क अटलांटा युनिव्हर्सिटी एकच ग्रंथालय वापरतात आणि एकमेकांचे वर्ग घेऊ देतात. मूळ करार १९२९ चा. पैसा कमी, जिद्द मोठी, म्हणून वाटून घ्यायचं ठरवलं.

न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड आणि कोलंबिया यांच्यामध्ये फक्त ब्रॉडवे रस्ता. तिथे तर पदवीही कोलंबियाची मिळते. वेल्स्ली आणि एमआयटी यांची देवाणघेवाण १९६० च्या दशकाच्या शेवटची. त्यात मध्ये बस आहे आणि बॉस्टनची वाहतूकही.

म्हणजे 'पार्टनर' हा शब्द एकच, पण कुठे रस्ता ओलांडायचा, कुठे अर्धा दिवस घालवायचा. तुलना करताना नकाशा उघडून बसावं.

शेवटचा_बाक

वाचतोय. गणिती_किडा यांचा मुद्दा पटला, निदान गणितापुरता. पण मार्कांचं काय? आणि शिफारसपत्रांचं? एका सत्रात आठवड्यातून एकदा भेटणारे प्राध्यापक पाहुण्या मुलीला काय ओळखणार?

चाफा

मार्कांचं कॉलेजागणिक वेगळं. आमच्या दोन कॉलेजांत एकमेकांचे मार्क सरळ जीपीएत (एकूण सरासरीत) धरतात. काही गटांत बाहेरच्या वर्गाचं फक्त क्रेडिट येतं. हे रजिस्ट्रारला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवायचं. तोंडी उत्तरावर थांबू नये.

क्रेडिटचं गणितही वेगवेगळं असतं बरं का. एमआयटीत साधारण विषय १२ युनिटचा, कारण तिथे आठवड्याचे तास मोजतात, घरच्या अभ्यासासकट. वेल्स्लीत तोच एक विषय म्हणजे एक युनिट, आणि पदवीला ३२ लागतात. कुठे नुसते कोर्स मोजतात, कुठे तीन-चार क्रेडिटचा एक. कुठे तीन क्रेडिटचा वर्ग घरी पूर्ण धरतील का, हे आधी विचारलं नाही तर पदवीच्या तोंडावर एक विषय कमी पडतो.

शिफारसपत्राबद्दल माझा अनुभव असा. मी त्या सेमिनारच्या प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात भेटले. ट्रेनला चाळीस मिनिटं होती, त्यांच्या भेटीची वेळ तीच. मग तो नेमच झाला. पुढे त्यांनी माझं पत्र लिहिलं, आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी त्याचा उपयोग झाला असं मला वाटतं, कारण संशोधन करणाऱ्या विभागातल्या माणसाने लिहिलं होतं की ही मुलगी आमच्या पीएच.डी.च्या मुलांबरोबर टिकते. पण मुख्य पत्रं माझ्या हॅवरफर्डच्या शिक्षकांचीच होती. चार वर्षं ज्यांनी वाढताना पाहिलं त्यांच्यासारखं कोण लिहिणार?

गणिती_किडा

भाषाशास्त्र म्हणताय म्हणून सांगतो, पेनबद्दल एक गोष्ट कवडसाताईंना आवडेल. तिथला भाषाशास्त्राचा विभाग अमेरिकेतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. झेलिग हॅरिस यांनी १९४७ मध्ये सुरू केला. नोम चॉम्स्की त्यांचेच विद्यार्थी. माणसं प्रत्यक्षात बोलतात कशी, वस्तीवस्तीत उच्चार कसे बदलतात, याचा अभ्यास ज्यांनी उभा केला ते विल्यम लबॉव्ह तिथे अनेक दशकं शिकवत होते. आणि दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ मध्ये काढला. ते संस्कृतचे पंडित. म्हणजे मुलीला पुढे संस्कृतकडे वळावंसं वाटलं तर ट्रेनचं तिकीट काढण्यासारखी जागा आहे.

कवडसा

तिला संस्कृत यायला हवं असं माझ्या बाबांना फार वाटायचं. ते आता नाहीत. तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

लांबचा_पल्ला

ताई, जाऊ द्या तिला.

मध्यरात्रीचा_चहा

मी सध्या अशाच एका छोट्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, वर्ग शेजारच्या युनिव्हर्सिटीत. काकू, मुलीला सांगण्यासारख्या काही गोष्टी, ज्या कोणी मला सांगितल्या नव्हत्या:

युनिव्हर्सिटीचं वेगळं ईमेल खातं मिळतं. ते रोज बघायचं. माझ्या वर्गाची खोली बदलल्याचं पत्र त्यातच पडलं होतं आणि मी रिकाम्या खोलीत बसून राहिले. ओळखपत्र आणि लायब्ररीचा प्रवेश चालू व्हायला दिवस लागतात, म्हणून पहिल्या आठवड्याची पुस्तकं आपल्या लायब्ररीतून आधीच मागवायची. परीक्षेत जास्तीचा वेळ किंवा अशी कुठली सवलत मंजूर असेल तर ती आपोआप पलीकडे जात नाही, तिथे नव्याने सांगावं लागतं. लोकप्रिय वर्गात आधी त्यांची मुलं, मग आपण, हे धरून चालायचं. मी दर वेळी दोन पर्याय घेऊन जाते.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट अभ्यासाची नव्हती. वर्ग संपला की बाकीचे सगळे मिळून जेवायला जायचे आणि मला बस गाठायची असायची. तीन आठवडे मी तिथे कोणाशीच बोलले नाही. मग मी ठरवलं, त्या दिवशीची एक बस सोडायची. उशिराच्या बसने परत. तेव्हापासून माझ्या मैत्रिणी झाल्या, आणि गृहपाठही कळायला लागला. वेळापत्रकात येणंजाणं धरतात तसा हा एक तासही धरायला हवा.

चाफा

मध्यरात्रीचा_चहा, किती खरं लिहिलंस गं. माझी ट्रेनची चाळीस मिनिटं म्हणजे तुझी सोडलेली बस.

शेवटचा_बाक

हे वाचून माझ्या मुलाला फोन केला. विचारलं, तुझ्या किती प्राध्यापकांना तुझं नाव माहीत आहे? तो थोडा थांबून म्हणाला, "दोन." तो आनंदात आहे आणि त्याचा विषयही असा की मोठ्या लॅबशिवाय चालत नाही, त्यामुळे आमचा निर्णय चुकला असं मला वाटत नाही. पण कवडसाताईंच्या लेकीचा प्रश्न मी ज्या मापाने मोजत होतो ते माप एकांगी होतं. ताई, तिच्या मनाप्रमाणे होऊ द्या.

कवडसा

मंडळी, काल ब्रिन मॉरला होकार कळवला. दोन्ही ठिकाणच्या कोर्सच्या याद्या काढून बसलो होतो. लेकीने स्वतःच तक्ता केला: पहिली दोन वर्षं ब्रिन मॉर, हॅवरफर्ड आणि भाषाशास्त्रासाठी स्वार्थमोर, पेन तिसऱ्या वर्षी, तेही आठवड्यातून एकदा असणारा वर्ग मिळाला तर. वहीच्या पहिल्या पानावर डीएसओचं वाक्य तिच्याच अक्षरात आहे.

कवडसा

(ऑक्टोबर) धागा वर काढतेय, कारण काही जणांनी विपुत (खाजगी निरोपात) विचारलं होतं. लेक रुळली. आठवड्यातून दोनदा ब्लू बसने हॅवरफर्डला जाते. पहिल्यांदा चुकून उलट्या फेरीत बसली आणि होती तिथेच परत आली. ड्रायव्हरने तिला पुढच्या फेरीत समोरच्या सीटवर बसवून नेलं. भाषाशास्त्राच्या ओळखीच्या वर्गात तिन्ही कॉलेजांची मुलं आहेत. परवा शिक्षकांनी प्रत्येकाला आपल्या घरच्या भाषेतले ध्वनी फळ्यावर लिहायला सांगितले. तिने 'ळ' लिहिला, वर्गातल्या सगळ्यांनी तो म्हणून बघितला. कोणालाच जमेना, म्हणे. शिक्षकांनी तिला पुढे बोलावून दहा मिनिटं तोच एक वर्ण सगळ्यांकडून म्हणवून घेतला.

चाफा, एक विचारायचं होतं. तिला आत्ताच पेनच्या संस्कृतच्या प्राध्यापकांना ईमेल करावंसं वाटतंय, वर्ग घ्यायला अजून दोन वर्षं असली तरी. फार लवकर होईल का?

चाफा

अजिबात नाही. करू दे. आणि त्यांच्या भेटीच्या वेळा विचारून एखाद्या सुट्टीच्या दिवशी नुसतं जाऊन ये म्हणावं. रस्ता एकदा पायाखालून गेला की पहिल्या दिवशी धडधड होत नाही. भाषेचे वर्ग बहुतेक आठवड्यातून अनेकदा असतात, एकदाच भेटणारा मिळेलच असं नाही. ते मात्र त्या ईमेलमध्येच विचारून घेऊ दे, म्हणजे तक्ता आत्ताच बदलता येईल.